तिसरं पाणी

जावयाचं भाषण मला तोंडपाठ होतं. त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण कुठल्या शब्दानंतर ते घसा खाकरणार आणि कुठल्या चित्रावर पाण्याचा घोट घेणार, ते मी डोळे मिटून सांगितलं असतं.

आमच्या खात्यात दर बुधवारी सेमिनार असतो. कोणीतरी उभं राहून पन्नास मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग प्रश्न, मग चहा. बोलणारा माणूस आदल्या दिवशी रिकाम्या खोलीत तालीम करतो. इतर लोक आपल्या मित्रांपुढे करतात, आमचे जावई माझ्यापुढे करायचे. ते विद्यार्थी होते तेव्हापासूनची ही रीत. तेव्हा ते जावई नव्हते, एक वाळकं पोरगं होतं, दोन शर्टांवर वर्ष काढणारं, आणि मी त्याला अरे-तुरे करत होते.

"मावशी, तुम्हाला कुठे कंटाळा येतो तेवढं सांगा," म्हणायचा.

"कंटाळा पहिल्यापासूनच येतो. पण तू वाक्याचा शेवट गिळतोस ते वाईट. ताटात शेवटचा घास टाकून उठणाऱ्या माणसासारखा."

पुढे माझ्या लेकीशी लग्न झालं. घरी मी त्यांना तुम्ही म्हणायला लागले आणि ते मला आई म्हणायला लागले. खात्यात मात्र मी सगळ्यांची मावशी, म्हणून त्यांचीही मावशीच. लेकीने एकदा विचारलं, "तुला राग नाही येत?" मी म्हटलं, "दोन नावांनी हाक मारतो म्हणजे दोनदा आठवण काढतो." तेव्हा मला असं सुचायचं.

मी त्या खात्यात काचसामान धुते. एकतीस वर्षं झाली. बरोबर माझी धाकटी जाऊ आहे, ती कंत्राटावर, तिला मीच आणली. वरच्या मजल्यावर मेंदूवाले, खालच्या मजल्यावर प्रोटीनवाले, आणि दोघांची भांडी मधल्या मजल्यावर आमच्या मोरीत. कागदोपत्री तिला धुलाई विभाग म्हणतात. दोन हौद, एक भट्टी, तीन कपाटं आणि आम्ही दोघी.

वरचे लोक उंदराच्या मेंदूच्या पातळ चकत्या कापतात. उंदीर गेलेला असतो, पण चकती खारट पाण्यात ठेवून त्यात हवा सोडत राहिलं की ती पाच-सहा तास जिवंत राहते. मग केसापेक्षा बारीक काचेची सुई टोचून ती काय बोलते ते ऐकायचं. त्या चकत्यांच्या बाटल्यांना मी निळी पट्टी बांधली आहे. निळ्या पट्टीला साबण लावायचा नाही. कधीच नाही. गरम पाणी, मग ॲसिड, मग शुद्ध पाण्याने सहा वेळा खळबळायचं. साबणाचा थेंब राहिला तर चकती वेड्यासारखी बडबडते आणि मग मरते. हे मला कोणी शिकवलं नाही. पहिल्याच वर्षी माझ्या हातून झालं, एका मुलीचं तीन आठवड्यांचं काम गेलं. ती माझ्यावर ओरडली नाही, जिन्यात बसून रडली. त्या दिवसापासून निळी पट्टी. धाकटी म्हणते, "जाऊबाई, तुम्ही नवऱ्याला एवढं जपलं नसेल." तिचं खरं आहे.

आता जावयांचं काम. त्यांचं एक प्रोटीन होतं, ते चकतीवर सोडलं की ती बोलते का ते त्यांना बघायचं होतं. ते पेशीच्या चरबीच्या कातडीत रुतून बसलेलं असतं, साबण घातल्याशिवाय सुटून येत नाही. हा साबण वेगळा, पांढऱ्या पुडीतला, महागाचा. प्रोटीन सुटलं की साबण काढून टाकायचा. त्यासाठी ते एका नळीसारख्या पिशवीत भरतात, दोन्ही टोकांना चिमटे लावतात आणि थंड खोलीत मोठ्या चंचुपात्रात बुडवून ठेवतात. साबण पिशवीतून हळूहळू बाहेरच्या पाण्यात उतरतो, प्रोटीन आत राहतं. मग ते पाणी बदलायचं. तीन वेळा. त्यांची रात्र वर चकत्यांपाशी जायची, म्हणून हे पाणी बदलायचं काम मी माझ्याकडे घेतलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. जावई आहेत, म्हटलं.

एका शुक्रवारी दुपारी चारला मी दुसरं पाणी बदलायला गेले तर ते चिमटे सोडत होते. सोमवारी परदेशी पाहुण्यांपुढे त्यांना निकाल दाखवायचा होता.

"अहो, एकच पाणी झालंय," मी म्हटलं.

"पुरे तेवढं. वर चकत्या कापून तयार आहेत."

"धुण्यातला साबण एका पाण्यात जात नाही, हा कसा जाईल? तीन पाण्यांतून काढा."

ते हसले. "आई, हे धुणं नाहीये." तेव्हा खोलीत दोघंच होतो म्हणून आई.

त्या संध्याकाळी चकती खूप बोलली. एवढी की जावई मोरीत धावत आले आणि माझे ओले हात धरून म्हणाले, "मिळालं!" नंतर एकदा त्यांनी नीट तीन पाण्यांतून काढलं तर चकती गप्प. त्यांनी अर्थ लावला की जास्त पाण्याने प्रोटीन मरतं. साबण गेला म्हणून गप्प आहे, हे त्यांच्या मनात आलं नाही. किंवा आलं आणि त्यांनी त्याला बसायला खुर्ची दिली नाही. पुढे तीन वर्षं एकच पाणी. या शोधाचा पेपर छापून आला तेव्हा त्यात मात्र लिहिलं, पाणी तीन वेळा बदललं. हे मला लेकीने कौतुकाने वाचून दाखवताना कळलं. मी म्हटलं, "तीन?" ती म्हणाली, "अगं, लिहायची पद्धत असते." मीही गप्प बसले. तेवढी माझी चूक, ती मी नाकारत नाही.

यंदा दुसऱ्या देशातल्या लोकांनी तेच करून पाहिलं आणि छापून टाकलं की यांच्या प्रोटीनमध्ये दम नाही, चकती बोलते ती साबणामुळे. पेपर मागे घ्यायची वेळ आली. आणि जावयांची कायमची नेमणूक दोन महिन्यांवर होती. खात्याच्या मुख्य बाईंनी सांगितलं, बुधवारी सगळ्यांपुढे उभे राहा आणि काय झालं ते सांगा. त्या बाईंना आम्ही मोरीत घड्याळबाई म्हणतो. पन्नासाव्या मिनिटाला टेबलावर पेन आपटतात, मग समोर कोणी का असेना.

मंगळवारी तालीम झाली. मी दुसऱ्या रांगेत. शेवटून दुसऱ्या चित्रावर ते थांबले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "पेपरमध्ये पाणी तीन वेळा बदलल्याचं म्हटलं आहे. प्रत्यक्षात एकदाच बदललं. ही चूक माझी आहे."

शेवटचा शब्द खणखणीत. मी उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांची पाठ ओली होती.

"नेमणूक जाईल, आई," ते म्हणाले.

"जाऊ दे. हात आहेत, डोकं आहे. दुसरी मिळेल."

घरी जाताना मी धाकटीला म्हटलं, असा जावई मिळायला नशीब लागतं. हे मी बोलले आहे, माझ्याच तोंडाने, म्हणून लिहिते.

बुधवारी खोली भरली. लोक भिंतीला टेकून उभे. बरा शोध असला की निम्म्या खुर्च्या रिकाम्या, आणि कोणाची फजिती असली की उभं राहायला जागा नाही. आम्ही दोघी मागे कप मांडत होतो. लेक येऊन माझ्या शेजारी बसली. ती याच खात्यात फ्रीझर सांभाळते, कुठल्या खणात कोणाच्या नळ्या ते सगळं तिच्या यादीत. नेहमी पुढच्या रांगेत बसते. मला वाटलं, नवऱ्याची अवस्था पाहवत नसेल, आईजवळ आली.

शेवटून दुसरं चित्र आलं. ते पाणी प्यायले. आणि लेकीने माझं मनगट धरलं.

"आमच्या अंदाजाप्रमाणे," जावई म्हणाले, "चकत्यांच्या बाटल्या धुताना त्यांत साबणाचा अंश राहत गेला असावा. धुलाई विभागाची पद्धत आम्ही तपासत आहोत."

'आहोत' ऐकूच आलं नाही.

घड्याळबाई म्हणाल्या, "म्हणजे तीन वर्षं काचसामानामुळे गेली?"

"दुर्दैवाने."

मला वाटलं होतं, आता सगळे मागे वळून बघतील. कोणी वळलं नाही. वळले असते तर बरं वाटलं असतं. साठ माणसं, आणि एकाच्याही मानेला आठवलं नाही की धुलाई विभाग म्हणजे मागे कप मांडणाऱ्या या दोघी. मी उठायला गेले. लेकीच्या बोटांनी मनगट आवळलं. "आई, घरी बोलू," ती पुटपुटली.

मी बसले. लेकीचा हात होता म्हणून बसले. दुसऱ्या कोणाचा असता तर मी तो झटकला असता.

चहाच्या वेळी धाकटी माझ्या कानाशी आली. "जाऊबाई, आपण निळ्या पट्टीला साबण कधी लावला?"

"लावला असेल तुझ्या लग्नात."

"चेष्टा नको. आपल्या दोघींवर आलंय हे."

तेवढ्यात घड्याळबाई कप घेऊन आल्या. वाईट नाहीत त्या. खाली बघत म्हणाल्या, "मावशी, तुमच्यावर कोणी बोट ठेवत नाही. वय होतं, माणूस दमतो. पहिल्या तारखेपासून धुण्याचं काम बाहेरच्या कंपनीच्या यंत्रावर देऊ. तुमच्या निवृत्तीला चार महिने राहिले आहेत, तुम्ही आरामात बसा."

"आणि ही?"

त्यांनी धाकटीकडे पाहिलं. "कंत्राटाचं बघावं लागेल."

धाकटीच्या हातातला ट्रे मी घेतला, नाहीतर तो खाली गेला असता. ती फक्त एवढंच म्हणाली, "अकरा वर्षं निळ्या पट्टीला हात लावण्याआधी मी अंगठी काढून ठेवत आले. त्याचं कोणाला काय."

जावई थंड खोलीत सापडले. अंगावर जाडा कोट, हातात काही नाही. लपायला माणूस तिथेच जातो, कारण तिथे कोणी फार वेळ थांबत नाही. मी थांबणार होते.

"काल काय म्हणाला होतात?"

"आई…"

"इथे आई नको. काल काय म्हणाला होतात?"

"त्या एका वाक्याने सगळं संपलं असतं. पेपरात खोटं लिहिलं म्हटल्यावर कुठेही दारात उभं करत नाहीत. धुण्यातली चूक कोणाकडूनही होते. त्याला कोणी गुन्हा म्हणत नाही."

"माझ्याकडून झाली नाही."

"मला माहीत आहे."

"तुला माहीत आहे!" लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या तोंडून 'तू' गेलं. "तुला माहीत आहे आणि तू साठ माणसांपुढे माझ्या हाताला नाव ठेवलंस?"

त्यांनी कोटाची बटणं लावली. मग म्हणाले, "मी ते वाक्य बदलणार नव्हतो. तुमच्या लेकीने बदललं. काल घरी. म्हणाली, आई चार महिन्यांनी घरी बसणारच आहे, तिला काय फरक पडतो."

मला आधी वाटलं, हा बायकोच्या पदराआड लपतोय. मग माझं मनगट आठवलं. वाक्य यायच्या आधीच तिने ते धरलं होतं.

फ्रीझरच्या खोलीत लेक हातमोजे घालून यादी तपासत होती. मी विचारायच्या आधीच बोलली.

"हो, मीच सांगितलं."

"लाज नाही वाटली?"

"वाटली. पण त्यांचं आयुष्य जात होतं, आणि तुझं काय जाणार होतं? तुझी नोकरी कोणी काढणार नाही. खात्यात सगळे तुला मानतात, दोन दिवसांत विसरतील."

"धाकट्या काकूचं काम जातंय."

तिला ते माहीत नव्हतं. तिचा चेहरा उतरला, पण क्षणभरच. "तिला आपण दुसरीकडे लावू. मी बघते."

"आणि मी?"

"तू काय, आई? तू समजून घेशील असं वाटलं."

एवढं बोलून ती यादीत बघायला लागली. मी तिला एकटीने वाढवली. ती सहा महिन्यांची होती तेव्हा तिला टोपलीत घालून मोरीत आणायचे. साबणाच्या डब्याशेजारी झोपायची. माझ्या हाताला काय किंमत आहे ते या खात्यात कोणाला माहीत असायला हवं होतं तर तिला. तिला होतंच माहीत. माहीत असूनच तिने ते मोडीत काढलं, घरातली जुनी वस्तू काढावी तसं, कोणाला न विचारता. जावयाचं मला एवढं लागलं नाही. तो बाहेरून आलेला.

आमच्या सेमिनारच्या खोलीबाहेर एक पत्र्याची पेटी आहे. प्रश्न विचारायचा राहिला किंवा धीर झाला नाही तर चिठ्ठी लिहून त्यात टाकायची. पुढच्या बुधवारी भाषण सुरू व्हायच्या आधी घड्याळबाई त्या चिठ्ठ्या वाचतात आणि मागच्या बोलणाऱ्याने उभं राहून उत्तर द्यायचं. नाव घालायची गरज नसते. मुलं त्यात कधी कधी चावटपणाही लिहितात.

गुरुवारी, शुक्रवारी मी वाट पाहिली. लेक येईल, निदान फोन करेल. रविवारी धाकटी घरी आली. म्हणाली, "जाऊबाई, तुम्ही काही बोलणार नाही ना? जावयाचा मामला आहे. मी काढीन दुसरीकडे काम." ती मला सोडवायला आली होती. तिचंच काम जात होतं आणि ती मला मोकळं करायला आली होती. तिच्या जागी लेक यायला हवी होती.

सोमवारी सकाळी मी चिठ्ठी लिहिली. माझं अक्षर चौथीतलं, पण वाचता येतं. "पिशवीचं पाणी किती वेळा बदललं होतं?" खाली हजेरीच्या वहीत करते तशी पूर्ण सही केली. पेटीत टाकली आणि जाऊन बाटल्या धुतल्या.

बुधवारी मी मागे उभी राहिले नाही. तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसले. घड्याळबाईंनी दोन चिठ्ठ्या वाचल्या, त्यांची उत्तरं झाली. तिसरी उघडली, सही पाहिली, चष्मा वर केला. मग माझं नाव न घेता प्रश्न वाचला.

जावई उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघत होते, त्यांनी फळ्याकडे पाहिलं.

"पेपरमध्ये म्हटल्याप्रमाणे, तीन वेळा."

"एकदा," मी म्हटलं.

आता सगळे वळले.

"शुक्रवार होता. मी दुसरं पाणी घेऊन उभी होते आणि यांनी चिमटे सोडले. नंतर तीन वर्षं एकच पाणी. जे केलं नाही ते लिहिलं, आणि जे आम्ही केलं नाही ते आमच्यावर ढकललं."

मागून कोणीतरी हळू शीळ घातली. घड्याळबाईंनी पेन आपटलं. "मावशी, हे तुमचं म्हणणं झालं. तपासायचं कसं?" मग जावयांकडे वळल्या. "त्या खेपेतलं प्रोटीन शिल्लक आहे का? खालच्या यंत्रात घातलं की साबण आहे का आणि कुठला आहे ते कळेल. मोरीतला साबण वेगळा, तुमचा वेगळा."

"नाही. संपलं ते," जावई म्हणाले.

घड्याळबाईंनी लेकीकडे विचारणा केली. "तुमच्या यादीत?"

लेक उभी राहिली. पुढच्या रांगेत होती, मला तिची पाठ दिसत होती, वेणी दिसत होती. लहानपणी शाळेत जाताना वेणी घालून घ्यायला ती माझ्याकडे पाठ करून अशीच उभी राहायची.

"नाही," ती म्हणाली. "यादीत नाही."

गेल्या महिन्यात मोठा फ्रीझर वितळवून पुसला तो मीच. तिसऱ्या खणात, मागे, कागदी डब्यात सहा नळ्या होत्या, जावयांच्या अक्षरातली तारीख घातलेल्या. मी तिला विचारलं होतं, या टाकू का? ती म्हणाली होती, नको, त्यांची पहिली खेप आहे, आठवण म्हणून राहू दे. खरंच यादीत लिहिल्या नव्हत्या.

तेव्हा मला एक गोष्ट समजली. गप्प बसले तर माझ्या एकटीची नाही, धाकटीची, निळ्या पट्टीची, जिन्यात रडलेल्या त्या मुलीची, सगळ्यांची बेअब्रू माझ्या नावाने राहणार. आणि बोलले तर माझ्या पोटची मुलगी साठ माणसांपुढे खोटी ठरणार. यातलं कुठलं जास्त लागेल ते मोजत बसायला वेळ नव्हता. तिने मोजलं होतं का माझ्यासाठी?

"तिसऱ्या खणात," मी म्हटलं. "मागे, कागदी डबा. सहा नळ्या."

लेक वळली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला विश्वास बसत नव्हता. आई असं करेल हे तिच्या स्वप्नातही नव्हतं, तसं माझ्याही नव्हतं, आठ दिवसांपूर्वी.

घड्याळबाई स्वतः उठून गेल्या. आम्ही सगळे बसून राहिलो. त्या दिवशीच्या पाहुण्या बोलणाऱ्या बाई हातात कागद धरून उभ्या होत्या, त्यांना कळेना की सुरू करावं की नाही. जावई खाली बसले नाहीत. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही.

डबा आला. यंत्राचा निकाल चार दिवसांनी. नळ्यांमध्ये पांढऱ्या पुडीतला साबण होता, भरपूर. मोरीतल्या साबणाचा मागमूस नव्हता. घड्याळबाई मोरीत आल्या, धाकटीला म्हणाल्या, काम इथेच राहील. मग त्यांनी माझ्यासमोरची एक बाटली उचलून उजेडात धरली आणि परत ठेवली. मी म्हटलं, "झाकणाला हात लावलात. आता पुन्हा धुवावी लागेल." त्या हसल्या. मी हसले नाही.

जावयांची नेमणूक गेली. लेकीला फ्रीझरच्या कामावरून काढलं नाही, पण चावी काढून घेतली. आता ती दुसऱ्याला विचारून खण उघडते. जावयांना दुसऱ्या गावी शाळेत शिकवायचं काम मिळालं आहे, दोघं पुढच्या महिन्यात जाणार.

परवा ती आली. एकटीच. दारात चप्पल काढली नाही. माझा एक मोठा डबा तिच्याकडे होता, तो परत द्यायला आली होती. असा डबा कोणी परत देत नाही. आयांचे डबे लेकींकडे राहतात, ते परत द्यायचे नसतात.

"आत ये," मी म्हटलं.

"नको. सामान बांधायचंय."

"बरं."

ती उभी राहिली. मग म्हणाली, "आई, तू ते सहा नळ्यांचं बोलली नसतीस तर चाललं असतं. प्रश्न विचारलास तिथे थांबली असतीस तर. मला उघडं पाडायची गरज नव्हती."

"तू खोटं बोललीस म्हणून पडलीस."

"नवऱ्यासाठी बोलले."

"ते कळलं मला. कोणाला देऊन कोणाला घेतलंस, तेही कळलं."

तिने डबा या हातातून त्या हातात घेतला. म्हणाली, "आणि मी आधी तुझ्याकडे आले असते? मंगळवारी संध्याकाळी? म्हटलं असतं, आई, हे एवढं तुझ्या अंगावर घे, तर घेतलं असतंस?"

मला हो म्हणता आलं असतं. ती हो ऐकायलाच आली होती. म्हणजे चूक फक्त न विचारण्याची झाली असती, आणि तेवढी चूक आम्ही दोघींनी मिळून पुसून टाकली असती.

"नाही," मी म्हटलं. "तुला वेड्यात काढलं असतं, रात्रभर भांडले असते, आणि सकाळी तुझ्या नवऱ्याला खरं बोलायला घेऊन गेले असते."

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली.

डबा तिने उंबऱ्याच्या आत ठेवला आणि गेली.